एचएसजीला जाताना क्युरेटिंगची तारीख लिहून न्या

एचएसजी म्हणजे गर्भाशयात बारीक नळीवाटे डाय, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारा द्रव, सोडून दोन्ही गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे एक्स-रेवर पाहण्याची तपासणी. पॅड, जुने रिपोर्ट, सोबत कोणीतरी, हे केंद्रातून फोनवर सांगतातच. जे हमखास राहते ते आधी सांगते: अलीकडे गर्भपात, क्युरेटिंग (गर्भाशयाचे अस्तर खरवडून पिशवी साफ करणे) किंवा गर्भाशयावरची कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिची तारीख लिहून न्यावी. गेल्या वेळी माझ्या फायलीत सारे होते, एवढीच तारीख नव्हती. डाय शिरांमध्ये शिरला आणि वाशीहून अर्धवट तपासणी घेऊन ठाण्याला परतावे लागले.

याचे कारण समजून घ्यावे, म्हणजे तारीख विसरणार नाही. गर्भाशयाचे अस्तर खरवडले गेले की त्याखालच्या सूक्ष्म शिरा उघड्या पडतात, आणि दाबाने सोडलेला डाय नलिकांकडे जाण्याऐवजी त्या शिरांत घुसतो. नलिका बंद असतील आणि दाब वाढवला गेला, तर ही शक्यता आणखी वाढते. पडद्यावर तेव्हा गर्भाशयाभोवती जाळीदार रेषा उमटतात आणि डाय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांकडे सरकताना दिसतो. पाण्यात विरघळणारा डाय असेल तर तो सहसा मूत्रपिंडांवाटे निघून जातो, पण त्या जाळीमुळे नलिकांचे चित्र झाकले जाते किंवा बंद नलिका मोकळी असल्याचा भास होतो. तेलयुक्त डाय मात्र थेंबांच्या रूपाने रक्तातून फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो, आणि तो प्रकार गंभीर आहे. म्हणून पुन्हा सांगते, क्युरेटिंगची तारीख. ‘पिशवी साफ केली होती’ एवढे मोघम सांगू नये. केव्हा केली ते सांगावे आणि त्यानंतर किती आठवडे थांबायचे ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

पाळीचा हिशेबही याच कारणाने नीट ठेवावा. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरून साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसांदरम्यान, रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर आणि बीजांड सुटण्यापूर्वी, ही तपासणी करतात. तोवर अस्तर भरून येते आणि नकळत राहिलेल्या गर्भाला धोका पोहोचण्याची शक्यता कमी होते. अजून डाग जात असतील तर ‘आता रजा मिळाली आहे, उरकून टाकू’ असे म्हणू नये, केंद्राला फोन करून वेळ पुढे ढकलावी. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर तेही आधीच कळवावे.

डाय कोणता वापरणार, हे विचारायला संकोच करू नये. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलयुक्त डायनंतर गर्भधारणेचे प्रमाण ३९.७ टक्के, तर पाण्यातल्या डायनंतर २९.१ टक्के आढळले, त्यामुळे काही डॉक्टर तो सुचवतात. त्यात गैर काही नाही. परंतु क्युरेटिंगची तारीख ठाऊक नसताना तो सुचवला जाणे मला मुळीच मान्य नाही. आयोडीनयुक्त डायची ॲलर्जी पूर्वी झाली असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर तेही त्याच कागदावर, तारखेच्या खाली लिहावे. डाय सरकताना पडद्यावर सतत पाहण्याची सोय आहे का, हेही विचारावे. शिरा दिसू लागताच हात थांबवता येतो, हा तिचा मोठा फायदा.

पुढे गर्भाशयात दुर्बीण घालून करायची तपासणी ठरली, तर भूलतज्ज्ञांनाही तारीख सांगावी. तिथे द्रव किंवा हवा याच उघड्या शिरांतून रक्तात जाऊ शकते, म्हणून आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या द्रवाचा हिशेब ठेवतात आणि नळ्यांतली हवा आधी काढून टाकतात.

बाकीचे थोडक्यात. वेदनाशामक किंवा प्रतिजैविक डॉक्टरांनी दिले असेल तरच घ्यावे. परतताना ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभे राहू नये, रिक्षा करावी. एक-दोन दिवस थोडे डाग जातात, पोटात कळा येतात. ताप, वाढता रक्तस्राव किंवा पोटात तीव्र दुखणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर फोनवर सल्ला विचारत न बसता सरळ रुग्णालयात जावे.