रात्रीची खाडी, कयाक आणि माझा हजार लुमेनचा गाढवपणा

मालवणजवळच्या कर्ली खाडीत, देवबागच्या बाजूला, मी कयाक (वल्ह्याची अरुंद, छोटी होडी) गाइड म्हणून लागले तेव्हा पहिल्या पगारातून हजार लुमेनचा हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर बांधायचा दिवा, घेतला होता. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. जीवरक्षकाचं प्रशिक्षण झालेलं, पोहणं पक्कं, वर हा झगझगीत दिवा. आता कशाची भीती!

जानेवारीतली संध्याकाळ. सहा पाहुणे, प्रत्येकाची स्वतंत्र कयाक, सातवी माझी. कांदळवनाच्या कडेने परतताना अंधार पडला. समोरून मशीनचा आवाज आला, मी मान वळवली आणि झोत थेट होडीवाल्या काकांच्या डोळ्यांत. "कोण रे तो? डोळ्यार बत्ती मारू नको!" एवढं ऐकू येईतो होडी आमच्या शेवटच्या कयाकपासून दोन वल्ह्यांच्या अंतरावरून निघून गेली. त्या कयाकवर दिवाच नव्हता. गाइडकडे आहे की, असा माझा हिशेब.

सकाळी धक्क्यावर काकांना गाठून विचारलं, तुम्हाला नेमकं काय दिसलं?

"काय दिसला नाय गो, म्हणान बोंबाललंय. एकच बत्ती दिसली. तिच्या मागे एवढी माणसा आसत ह्या माका कसा कळतला?"

या कामात नव्याने येणारी मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो "किती लुमेनचा घेऊ?" हा. मी त्यांना आधी काकांचं हे वाक्य ऐकवते. खाडीत रात्री तुम्हाला फार काही बघायचं नसतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि सरावले की चांदण्यात काठ, खुंट, जाळ्यांचे बोये बऱ्यापैकी कळतात. झोत पेटवला की ही कमाई क्षणात जाते. तुमची जाते आणि समोरच्याचीही. धुकं असेल तर स्वतःच्याच उजेडाची पांढरी भिंत समोर उभी राहते.

समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला २५वा नियम वल्ह्याने चालणाऱ्या नावेला बरीच सूट देतो: लाल-हिरवे दिवे लावता येतात, पण लावले नाहीत तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी तयार हवी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवायला हवी. हा झाला किमान नियम. ऐनवेळी वल्हं सोडून बॅटरी शोधणारा पाहुणा मी पाहिलेला आहे, म्हणून आमच्या प्रत्येक कयाकवर एक दिवा कायम पेटता असतो.

तो कुठे लावायचा, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पाठीवर, लाइफजॅकेटला लावला तर तुमचं अंगच तो समोरून झाकतं. कयाकच्या पुढच्या टोकावर लावला तर रात्रभर तुमच्याच डोळ्यांत. शेवटी बैठकीच्या मागे साधारण एक मीटरची काठी आणि टोकाला चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, यावर मी थांबले. दिवा डोक्याच्या वर यायलाच हवा, नाहीतर डोक्याची सावली नेमकी पुढे पडते. तरी उजेड वल्ह्याच्या ओल्या पात्यावरून डोळ्यात यायचा. मग बाटलीचं बूड गोल कापून, काळी टेप गुंडाळून दिव्याखाली ताटलीसारखं बसवलं. काम झालं, खर्च शून्य. दिवा मला दिसेनासा झाला, लांबून मात्र तसाच दिसतो.

आता लुमेन. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचा चौफेर पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसावा असं नियम धरतात आणि त्याला ४.३ कॅन्डेला (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेचं माप) पुरतात. हा उजेड सगळीकडे सारखा पसरला असं धरून हिशेब केला तर पन्नास-साठ लुमेन होतात. माझे हजार कुठे गेले ते तुम्हीच बघा.

लाल हेडलॅम्पचं खूळही सध्या फार आहे. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव कमी बिघडतो हे खरं. नकाशा बघायला, गाठ सोडायला मी तोच वापरते. पण कपाळावर लाल दिवा लावून खाडीत फिरू नका. बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. लांबून एकटा लाल ठिपका दिसला तर समोरचा तुम्हाला डावं अंग दाखवत जाणारी बोट समजणार आणि त्या हिशेबाने सुकाणू वळवणार. लुकलुकणारा दिवाही नेहमीसाठी नको. त्याने अंतराचा अंदाज येत नाही. तो मी बंद ठेवून लाइफजॅकेटला अडकवते, संकटात मदत मागण्यापुरता.

पाण्याबद्दल थोडक्यात: दिवा किती पाणी सोसतो ते डब्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दुसरा घ्या आणि डब्यावरच्या छापील अक्षरांवर न जाता आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवा. माझे दोन दिवे बादलीतच गेले, खाडीत नाही, याचं समाधान आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, सेल काढून ठेवायचे. खाऱ्या पाण्याने स्प्रिंग आठवड्यात हिरवी पडते. आणि होकायंत्र बसवलेलं असेल तर चुंबकाने चिकटणारा दिवा त्याच्या जवळ नको, सुई भलतीकडे वळते.

वल्ह्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी परावर्तक पट्टी चिकटवा. वल्हवताना ती वरखाली होते, म्हणून कुणाचीही बॅटरी पडली की आधी तीच डोळ्यात भरते.

पाहुणे नेण्याआधी एक रात्र मात्र धक्क्यावर काढा. सहकाऱ्याला कयाक घेऊन अर्धा किलोमीटर आत पाठवा, त्याला गोल फिरायला सांगा आणि दिवा कुठल्या कोनातून गायब होतो ते काठावरून बघा. माझा पहिला दिवा जवळजवळ अर्ध्या फेरीत दिसतच नव्हता.

काका अजून त्याच वाटेने येतात. आता समोरून येताना ते मशीन हळू करतात. परवा धक्क्यावर जाळं झाडता झाडता म्हणाले, "काल सात मोजलंय गो."