प्रोपेनवरचा हीट पंप बसवताना

हवेतली उष्णता घेऊन अंघोळीचे पाणी तापवणारा आणि त्यासाठी आतल्या नळ्यांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन वायू, खेळवणारा हीट पंप कोल्हापुरातल्या घरी बसवायचा असेल, तर तो गच्चीवर मोकळ्या हवेतच ठेवावा. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण २.१ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. म्हणून जिन्याचे दार, पावसाच्या पाण्याच्या पाइपचे तोंड आणि स्विचबोर्ड यांपासून उत्पादकाने सांगितलेले अंतर काटेकोरपणे राखावे. पंचगंगेचे पाणी शिरणाऱ्या भागात तळमजल्याचा कोपरा निवडूच नये.

स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसा या प्रोपेनला सहसा नसतो, त्यामुळे नाकावर विसंबणे धोक्याचे आहे. गळतीची शंका आल्यास जवळपास काहीही न पेटवता प्रशिक्षित तंत्रज्ञाला बोलवावे आणि तपासणी साबणाच्या पाण्याने किंवा ज्वलनशील वायूच्या डिटेक्टरनेच करून घ्यावी. गॅस कमी झाला म्हणून कोणी घरगुती सिलिंडरमधून भरून देतो म्हणाल्यास त्याला स्पष्ट नकार द्यावा, कारण त्या मिश्रणात ब्यूटेन असते आणि यंत्राला लागणारी शुद्धता व कोरडेपणा त्यात नसतो. आर-३२ या दुसऱ्या शीतक वायूसाठी बनवलेल्या यंत्रात प्रोपेन भरणेही तितकेच घातक आहे.