रेड वाइन आधी फ्रिजमध्ये, मग जेवणासोबत

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीतच 32 अंश असतात. इतक्या कोमट वाइनमध्ये अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबून जातो. नाशिक-दिंडोरीकडची शिराझ किंवा कॅबरने (दोन्ही रेड वाइनचे प्रकार) असेल, तर उघडण्याआधी बाटली साधारण दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश उत्तम.

ग्लास एक तृतीयांशच भरा, हलकेच फिरवा, आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर घोळवा. कोऱ्या कडक चहानंतर होतात तशा हिरड्या कोरड्या पडल्या, तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक. वाइनची जेवणाशी जोडी जमवताना मी सगळ्यात आधी हेच बघते. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा मऊ करतात, म्हणून कॅबरनेसोबत भाजलेलं मटण, सीख कबाब किंवा मुरलेलं चेडार सुरेख लागतं.

तांबड्या रश्शासोबत मात्र कॅबरने नको. अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो आणि तुरटपणाही जास्त टोचतो. तिखट जेवणच असेल, तर कॅबरनेपेक्षा कमी टॅनिनची, फळांच्या चवीची झिनफँडेल ही रेड थोडी जास्त गार करून घ्या.

बांगड्यासारख्या तेलकट माशासोबत रेड टाळाच. वाइनमधल्या लोहामुळे तोंडात धातूसारखी, उग्र चव येते. तिथे नाशिकचीच शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्या.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.