काउंटरसिंक थरथरतोय? या चुका टाळा

काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकाच्या तोंडाशी शंकूसारखा खड्डा करणारं हत्यार) मारला आणि थरथरीनं भोकाच्या कडेला फुलासारख्या पाकळ्या उमटल्या की पहिला आळ हत्यारावर येतो: धार गेली! बहुतेक वेळा धार शाबूत असते, चुकलेला असतो वेग. मीही एक चांगला एचएसएस (हाय स्पीड स्टील) काउंटरसिंक याच गैरसमजात मोडीत काढला होता.

१२ मिमीचं ड्रिल एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं लोखंड) साधारण ५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) चालतं. त्याच व्यासाच्या काउंटरसिंकला याचा तिसरा हिस्सा, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे पुरे. घरच्या बऱ्याच बेंच ड्रिलचा सगळ्यात कमी वेगच पाचशेच्या आसपास असतो, खरी अडचण ती. मग प्लग काढा आणि पुली हातानं फिरवून पाहा. हसू नका, भोक आरशासारखं निघतं. मशीनवरच करायचं असेल तर जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, घट्ट धरा आणि दाब ठाम ठेवा. घाबरत घाबरत टेकवलं की हत्यार कापायचं सोडून घासतं. स्टेनलेसमध्ये तर घासलेली जागा कडक होते आणि पुढे खरंच धार जाते. पाकळ्या आधीच पडल्या असतील तर भोकावर कापडाची छोटी घडी ठेवून तिच्यावरून हळू काउंटरसिंक उतरवा. जुनी युक्ती आहे, थरथर बऱ्यापैकी मरते. मात्र कापड बोटांनी धरू नका. नवीन घेताना सहा धारांच्या स्वस्त काउंटरसिंकपेक्षा एका धारेचा किंवा तिरपं आरपार भोक असलेला घ्या, तो कमी थरथरतो.

दुसरी चूक कोनाची. मेट्रिक सीएसके (काउंटरसिंकच्या खड्ड्यात बसणाऱ्या शंकूच्या डोक्याच्या) स्क्रूचं डोकं ९० अंशाचं, इंची स्क्रूचं ८२ अंशाचं. काउंटरसिंक नाही म्हणून मोठं ड्रिल टेकवणारे पुष्कळ आहेत, पण साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशाचं. त्या खड्ड्यात डोकं फक्त खालच्या कडेवर बसतं, वर भोवती फट राहते. बर (भोकाच्या कडेची धारदार कुसळं) काढायला ड्रिल चालेल, स्क्रू बसवायला नाही.

खोली अंदाजानं घेऊ नका. स्क्रू उलटा धरून डोकं खड्ड्याच्या तोंडावर ठेवा. दोन्हींचा व्यास जुळला की थांबा. मग ड्रिलचा स्टॉप (खोली अडवणारी खूण) तिथेच लावला की बाकीची भोकं बिनघोर. भोक पाडल्यावर जॉब न हलवता तिथेच काउंटरसिंक मारा, नाहीतर खड्डा एका बाजूला सरकतो आणि सीएसके डोकं ती चूक पोटात घालत नाही.

आणि पातळ पत्रा. एम६ (६ मिमी जाडीच्या) सीएसके ॲलन स्क्रूचं (षटकोनी खाचेचा) डोकं १२ मिमी, भोक ६.६, म्हणजे खड्डा २.७ मिमी खोल हवा. २ मिमीच्या पत्र्यात तो मावणारच कसा? भोक खालून फाकतं आणि डोकं खालच्या तुकड्यावर टेकतं. स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, पत्रा मात्र सैलच. तिथे एम३ घ्या, किंवा सरळ गोल डोक्याचा स्क्रू लावा.