डीटीएच कनेक्शन कायमचं बंद कसं करावं, आणि ‘क्लोजिंग चार्ज’ मागितला तर काय करावं

घरात फायबरचं इंटरनेट आलं आणि मालिका, क्रिकेट सगळं ॲपवर दिसू लागलं, की डीटीएचचा रिचार्ज मागे पडतो. पडद्यावर ‘रिचार्ज करा’ अशी पाटी येते, बॉक्स माळ्यावर जातो आणि कनेक्शन बंद झालं असं घरातले सगळे धरून चालतात. पुष्कळदा त्यात काही बिघडत नाही. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच, सन डायरेक्ट या सगळ्यांची सेवा मुख्यतः प्रीपेड आहे. पैसे संपले की चित्र थांबतं. पण तीन गोष्टी मागे राहू शकतात: खात्यात पडून असलेली शिल्लक, कंपनीच्या मालकीचा बॉक्स, आणि बँकेतून आपोआप पैसे कापायला तुम्ही कधीकाळी दिलेली परवानगी.

फोनवर ‘क्लोजिंग चार्ज’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुतेक वेळा बॉक्सचं भाडं, मुदतीच्या ऑफरची अट किंवा घेतलेली उधारी यांतून निघालेला असतो. तेव्हा पैशाचं बोलणं नंतर. ही रक्कम नेमकी कशाची, ते आधी लेखी घ्यायचं.

आधी हे शोधून ठेवा

ग्राहक क्रमांक म्हणजे सब्स्क्रायबर आयडी आणि व्ह्यूइंग कार्डाचा नंबर, हे दोन्ही कंपनीच्या ॲपमध्ये मिळतात. बॉक्सच्या मेनूमध्येही असतात. बॉक्सच्या तळाशी किंवा मागे अनुक्रमांकाचा स्टिकर असतो, त्याचा फोटो काढा. घरात दोन टीव्ही असतील तर दुसरा बॉक्सही याच खात्यावर आहे का ते बघा. एक बॉक्स बंद होतो आणि दुसऱ्याचे पैसे कापले जात राहतात, असं होऊ शकतं.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? मुंबईत हा प्रश्न नाजूक असतो. भाड्याच्या खोलीत छत्री (म्हणजे गच्चीवरची डिश) घरमालकाची, नोंदवलेला मोबाईल आधीच्या भाडेकरूचा आणि रिचार्ज तुमचा, अशी खिचडी सर्रास दिसते. बंद करण्याची विनंती नोंदणीकृत मोबाईल नंबरवरून किंवा खातेदाराच्याच नावाने गेली पाहिजे. तो नंबर आता वापरात नसेल तर आधी ओळखपत्र देऊन नंबर बदलून घ्या, मग अर्ज करा. वडिलांच्या नावाचं कनेक्शन असेल आणि ते हयात नसतील तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि तुमचं ओळखपत्र तयार ठेवा.

मग बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा, ते तपासा. कनेक्शन घेताना भरलेला अर्ज किंवा पावती यावर ते लिहिलेलं असतं. सापडत नसेल तर कंपनीला ईमेलवर विचारा. विकत घेतलेला बॉक्स तुमचा. तो परत करण्याचा प्रश्न येत नाही आणि त्याबद्दल काही मागताही येत नाही. भाड्याचा असेल तर तो चालू स्थितीत परत करावा लागतो आणि भरलेली अनामत तुम्हाला मिळायला हवी. ‘फुकट बॉक्स’ किंवा ‘जुना द्या, नवा घ्या’ अशा ऑफरमध्ये अमुक महिने रिचार्ज चालू ठेवण्याची अट असू शकते. वाद पेटतो तो याच अटीवरून.

पहिलं काम: ऑटोपे बंद

अर्ज करण्याच्या आधी हे करा, नंतर नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो, तिथून डीटीएचची परवानगी रद्द करा. कार्डावर दिलेली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘ई-मँडेट’ या नावाखाली सापडेल. असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

डीटीएचबरोबर ओटीटीचा पॅक घेतला असेल तर तो वेगळा रद्द करावा लागू शकतो. मोबाईल, फायबर आणि डीटीएच एकाच बिलात असतील, उदाहरणार्थ एअरटेल ब्लॅकमध्ये, तर ‘डीटीएच बंद करा’ एवढं सांगून भागत नाही. डीटीएच काढल्यावर बाकीच्या दोन सेवांचा दर काय होईल ते आधी लेखी विचारा. एकत्र घेतल्याची सवलत जाऊन उरलेलं बिल वाढलं, तर कनेक्शन काढून वाचलं काय?

आणखी एक गैरसमज. सगळे पैशांचे चॅनल काढून टाकले म्हणजे कनेक्शन बंद झालं असं नाही. खातं चालू असेपर्यंत नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफ (चॅनल घरापर्यंत पोचवण्याचा ठरावीक आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतच राहतो. २०१९ साली नवी दररचना आली तेव्हा या फीवर १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ती मर्यादा काढली आणि बसवणं, जागा बदलणं, घरी येणं, तात्पुरतं थांबवणं यांचे दरही कंपन्यांवर सोडले. पण हे सगळे दर जाहीर करण्याचं बंधन कंपनीवर आहे. त्यामुळे कोणी तोंडी आकडा सांगितला तर ‘हा तुमच्या दरपत्रकात कुठे आहे?’ हा प्रश्न रास्तच ठरतो.

दोन-तीन महिने गावी जायचं म्हणून बंद करत असाल तर कायमचं बंद करू नका, तात्पुरतं थांबवायला सांगा. पुन्हा सुरू करताना किती पडतील तेवढं आधी विचारून घ्या.

शिल्लक किती उरली?

महिन्याचं रिचार्ज असेल तर हिशेब सोपा आहे: पैसे संपत आले की अर्ज करायचा, परताव्याची भानगडच नको. वार्षिक पॅकमध्ये गुंता होतो. मुंबईत लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा आणि पॅक १२ महिन्यांचा, म्हणून घर सोडताना पॅकमधले पैसे अडकतात.

आकडे समजण्यापुरते घेऊ. पॅक महिन्याला ३५० रुपये. अकरा महिन्यांचे ३,८५० भरा, बारावा मोफत. पाच महिन्यांनी बंद केलंत तर तुमच्या मनातला हिशेब असा: ३,८५० चे बारा भाग, त्यातले सात परत, म्हणजे साधारण २,२४६ रुपये. कंपनी म्हणेल, सवलत पूर्ण वर्षासाठी होती, वापरलेले पाच महिने सुट्या दराने धरू, म्हणजे १,७५० गेले आणि २,१०० उरले. फरक १४६ रुपयांचा. ऑफरच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असेल तर हा फरक मान्य करणं शहाणपणाचं. त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. पण ‘वार्षिक पॅक आहे, काहीच परत मिळणार नाही’ असं उत्तर आलं तर मात्र ती अट दाखवायला सांगा.

खात्यात उणे आकडा दिसत असेल तर बहुधा कधीतरी रिचार्जविना दोन-तीन दिवस चालू राहण्यासाठी उधारीची सोय घेतलेली असते. ती रक्कम खरी देणी असते. भरून टाका आणि पावती ठेवा.

अर्ज कसा करावा

फोन करा, पण भिस्त ईमेलवर ठेवा. फोनवर बोलणारा माणूस तुम्हाला थांबवण्यासाठीच बसलेला असतो: महिनाभर मोफत, निम्म्या दरात पॅक, नवा एचडी बॉक्स. स्वस्तात चालू ठेवायचं असेल तर घासाघीस करायला हीच वेळ चांगली. बंदच करायचं असेल तर ‘ऑफर नको, कायमचं बंद करा, डॉकेट नंबर (विनंतीचा नोंद क्रमांक) द्या’ एवढ्यावर थांबा. मोफत महिना घेतला आणि त्यासोबत नवी मुदत गळ्यात पडली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कंपनीच्या ॲपमधून किंवा बॉक्सच्या मेनूमधून घ्या. ‘कनेक्शन बंद करायला दहा रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवणारे किंवा स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावणारे भामटे असतात. परतावा मिळण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

ईमेल एवढा पुरतो:

*विषय: डीटीएच कनेक्शन कायमचं बंद करणे, ग्राहक क्रमांक …*
*माझं वरील कनेक्शन दिनांक … पासून कायमचं बंद करावं. ते तात्पुरतं थांबवायचं नाही. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: खात्यातली आजची शिल्लक; बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा; माझ्याकडून काही येणं असल्यास त्याचा तपशील आणि कोणत्या अटीनुसार; शिल्लक व अनामत कधीपर्यंत परत मिळेल. फोनवरचा डॉकेट नंबर … आहे.*

तारीख निदान पंधरा दिवस पुढची द्या. तेवढ्यात बॉक्स न्यायला माणूस येऊन जातो आणि ‘पूर्वसूचना दिली नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही. ईमेल पाठवाल त्या दिवशी खात्याचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा; खातं बंद झाल्यावर ॲपमध्ये शिल्लक दिसेलच याची खात्री नसते.

पैसे मागितले तर

बॉक्स न दिल्याची भरपाई मागतात आणि बॉक्स भाड्याचा असेल, तर बॉक्स परत करणं हाच उपाय. माणूस घरी येण्याचे पैसे मागतात, तर बॉक्स स्वतः जवळच्या सेवा केंद्रावर नेऊन देता येईल का ते विचारा. ‘मुदत पूर्ण केली नाही’ म्हणतात, तर तुम्ही मान्य केलेल्या अटींची प्रत आणि मुदत सुरू झाल्याची तारीख मागा. कित्येकदा मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. आणि नुसताच ‘क्लोजिंग चार्ज’ किंवा ‘प्रोसेसिंग’ असं मोघम नाव असेल तर दरपत्रकातली ओळ दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. रोख तर मुळीच नाही, विशेषतः बॉक्स न्यायला आलेल्या माणसाच्या हातात.

बॉक्स देताना पोच घ्या. त्यावर बॉक्सचा अनुक्रमांक, कार्ड नंबर, तारीख, नेणाऱ्याचं नाव आणि काय काय दिलं, म्हणजे ॲडॉप्टर, रिमोट, एचडीएमआय वायर, हे सगळं हवं. छापील पावती नसेल तर साध्या कागदावर सही घ्या आणि बॉक्स चालू असल्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. ‘नादुरुस्त बॉक्स आला’ म्हणून अनामत अडवली तर तो उपयोगी पडतो.

गच्चीवरची छत्री

छत्री काढण्याचा आग्रह कंपनी धरेलच असं नाही, सोसायटी धरते. पावसाळ्यापूर्वीच काढलेली बरी, कारण गंजलेल्या पायाची छत्री जूनच्या वाऱ्यात सुटली तर खाली माणसं चालत असतात. गच्चीची किल्ली आणि सेक्रेटरींची परवानगी आधी घ्या.

छत्रीच्या दांड्याच्या टोकाला जो एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) असतो त्यातून दोन किंवा जास्त वायरी निघत असतील तर त्यातली एखादी शेजाऱ्यांच्या घरी जात असू शकते. वायर कुठे जाते ते बघितल्याशिवाय कापू नका. वायर सोडवण्यापूर्वी खालच्या बॉक्सचा स्विच बंद करा: बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो, आणि शॉर्ट झालं तर बॉक्स जातो. भाड्याचा बॉक्स परत द्यायच्या आदल्या दिवशी हे घडायला नको.

स्लॅबमधले अँकर बोल्ट उपटून काढू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं. ग्राइंडरने स्लॅबच्या पातळीला कापून घ्या, वर पॉलिमर मॉर्टर आणि वॉटरप्रूफ कोटिंगचा हात द्या. छत्री खिडकीबाहेरच्या ग्रिलला किंवा बाहेरच्या भिंतीवर असेल तर स्वतः वाकून काढायला जाऊ नका. टेक्निशियनला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

छत्री चांगली असेल तर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशसाठी वापरता येते. तिला महिन्याचं भाडं नाही, पण बॉक्स वेगळा लागतो आणि छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे फिरवावी लागते. मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. त्या बाजूला नवा टॉवर उभा राहिला असेल तर नाद सोडा. तुमच्या मालकीचा बंद बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. तो कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

परतावा आलाच नाही तर

आधी कस्टमर केअर, मग कंपनीने तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी. त्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या साइटवर असतो. ट्राय नियम करतं, पण एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. तिथे अर्ज पाठवून महिने घालवू नका. नोडल अधिकाऱ्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते, आणि रक्कम छोटी असेल तर पुष्कळदा इथेच काम होतं. मसुदा कसा लिहावा हे कळत नसेल तर विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मिळतं.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. शे-दोनशे रुपयांसाठी एवढी पायपीट परवडत नाही हे खरं. दोन-अडीच हजारांची अनामत अडकली असेल तर विचार करा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, तेव्हा ईमेल, डॉकेट नंबर आणि बॉक्सची पोच तोपर्यंत फेकू नका.