बसून चालवायची गवत मशीन: गिअरवाली घ्यायची की ऑटोमॅटिक?

लॉन म्हटलं की आपल्या इकडे लोकांना पहिले लग्नाचं लॉनच आठवते, आणि आजकाल ही बसून चालवायची गवत कापायची मशीन मला विचारणारे पण तेच राहतात, रोडवर एक-दीड एकराचं लॉन काढलेले, नाहीतर संत्र्याचा बगीचा असलेले, नाहीतर शाळेचं मोठं ग्राउंड सांभाळणारे. सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅन्युअल गिअरची घेऊ की ऑटोमॅटिक. दुकानदार सांगते ऑटोमॅटिक घ्या आरामाची आहे, मिस्त्री सांगते गिअरवालीच घ्या मजबूत राहते. दोघंही तुमची जागा न पाहता बोलून राहिले भाऊ. जागा पाहिल्याशिवाय याचं उत्तर निघत नाही.

त्याच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मोटरसायकलच्या सवयीनं इथंच घोळ होते. गाडीवर आपण रेस कमी-जास्त करून स्पीड ठरवतो. या मशीनमध्ये तसं नाही. गवत कापताना रेस फुलच ठेवायची, कारण खालचं पातं पण त्याच इंजिनवर फिरते, रेस कमी केली की पातं हळू होते आणि गवत कापायच्या ऐवजी ओढून-पिंजून टाकते, दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी पडलेली दिसतात. मशीन पुढे किती जोरात जाईल हे गिअर नाहीतर पेडल ठरवते, रेस नाही. म्हणजे गवत दाट असलं तर गिअर खालचा टाकायचा, रेसला हात लावायचा नाही.

आता गिअरवाली मशीन. हिच्यात पुढचे साधारण 5-6 गिअर आणि एक रिव्हर्स. पण कारसारखी क्लच प्लेट नसते, डाव्या पायाचं पेडल दाबलं की बेल्ट सैल पडते आणि त्याच पेडलनं ब्रेक पण लागते. चालत्या मशीनमध्ये गिअर बदलायचा नाही म्हणजे नाही. पूर्ण थांबा, गिअर टाका, मग पेडल हळूच सोडा. पेडल अर्धवट दाबून मशीन रेंगाळत चालवली की बेल्ट घासून चकचकीत होते आणि मग घसरायला लागते.

ऑटोमॅटिक म्हणून जे विकते त्यात पण दोन जाती आहेत, हे दुकानदाराला सरळ विचारा. एक पुलीवाली, तिच्यात पुलीचा घेर बदलते म्हणून स्पीड बदलते, पण काम बेल्टचंच. दुसरी तेलावाली, तिला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. इंजिनवरून आलेला बेल्ट एक पंप फिरवते, पंप दाबानं तेल मोटरला देते, मोटर चाकं फिरवते, आणि तुमच्या पायाच्या पेडलनं पंपातली एक प्लेट तिरपी होते. जास्त तिरपी तर जास्त तेल, उलटीकडे झुकवली की मशीन मागे. ना थांबायचं, ना गिअर टाकायचा. पुढं मी ऑटोमॅटिक म्हणेन ते हिलाच.

मग जागा पाहायची कशी? वावरात उभे राहा आणि मोजा की मशीन मागे किती वेळा घ्यावी लागणार. संत्रा 20 बाय 20 फुटावर असला तर एकरी 109 च्या आसपास झाडं बसतात. प्रत्येक झाडाच्या बुडाजवळ एकदाच मागे यायचं धरलं तरी एकदा रिव्हर्स आणि परत एकदा पुढचा गिअर, म्हणजे एकरात 218 वेळा थांबून गिअर बदलायचा. पाच एकराच्या बगिच्यात हजाराच्या वर गेलं हे, एका कापणीत. इतक्या वेळा कोणताच ड्रायव्हर शिस्तीत थांबत नाही, दुपारपर्यंत तो चालत्यातच दांडा ओढते. आमच्याकडे तेच झालं. बगिच्यासाठी गिअरवाली घेतली होती, सालदार मेहनती माणूस, त्याचा दोष नाही, पण तिसऱ्या महिन्यात रिव्हर्सचे दात गेले आणि ऐन पावसाळ्यात पार्ट येईपर्यंत गवत गुडघ्याच्या वर गेलं, गाजर गवत फुलावर आलं. ते मला आजही लागते, कारण निवड माझी चुकली होती.

म्हणून बगिचा असन, किंवा लग्नाचं लॉन जिथं कुंड्या, खांब, कारंजं, स्टेजचे कोपरे आहेत, तिथं बिनधास्त ऑटोमॅटिक. मोकळं लांबलचक ग्राउंड असन, जिथं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच गिअरमध्ये सरळ जायचं, तिथं गिअरवाली चांगली, पैसे पण कमी लागतात.

पण ऑटोमॅटिकचं एक दुखणं आपल्या विदर्भात जास्त जाणवते, ते म्हणजे गर्मी. तेल तापलं की पातळ होते, पंपातून आतल्या आत निसटते आणि मशीनची ओढ कमी पडते, सपाटीवर कळत नाही पण चढावर मशीन दम टाकते. त्यात मे महिन्यात लग्नाचा सीझन, पाणी देऊन हिरवं ठेवलेलं लॉन कापायचंच राहते. मग पहाटे कापा. पंपाच्या वर एक छोटा पंखा राहते, त्याच्यात आणि पंपाच्या अंगावरच्या थंडाव्याच्या पाकळ्यांमध्ये गवताचा भुसा अडकला की थंडावा बंद, तो प्रत्येक वेळी ब्रशनं काढा. रेस कमी ठेवून चालवली तर हा पंखा पण हळू फिरते, हे अजून एक कारण फुल रेसचं. मागे भरलेली ट्रॉली ओढायला तर छोटी ऑटोमॅटिक वापरूच नका.

चढ-उताराची जागा असली तर कोणतीही घ्या, सरळ वर आणि सरळ खाली चालवा, आडवी नाही, आणि 15 अंशाच्या वरच्या उतारावर जाऊच नका, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तर मुळीच नाही. काळी जमीन ओली असताना पण नाही, चाकं फसतात आणि पात्याच्या खाली चिखल-गवताचा गोळा बसते.

रिपेअरिंगचं म्हणाल तर गिअरवालीचा बेल्ट-पुली गावचा मिस्त्री पाहू शकते, फक्त बाजारातला साधा बेल्ट टाकू नका, क्लचच्या जागी तो लवकर जाते, मशीनचाच मागवा. ऑटोमॅटिकचा पंप गावात कोणाला खोलू देऊ नका. तेल पुस्तकात लिहिलंय तेच, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल उरलंय म्हणून ओतायचं नाही. आणि ती बंद पडली तर जीपला बांधून ओढू नका, मागे एक बायपासचा दांडा राहते, तो ओढला की चाकं मोकळी होतात, हातानं ढकलून ट्रॉलीत चढवा.

जुनी मशीन घेत असाल तर ऑटोमॅटिक मशीन न तापलेली, थंड असताना पाहून पैसे देऊ नका, थंड असताना सगळ्याच चांगल्या ओढतात. अर्धा तास चालवा, तापू द्या, मग कॅनॉलच्या रस्त्याचा नाहीतर गोदामाचा चढ चढवून पाहा. गिअरवालीत प्रत्येक गिअरमध्ये लोड देऊन पाहा की दांडा आपोआप सुटते का, आणि रिव्हर्स चार-पाच वेळा टाकून कान देऊन ऐका.