पहिल्या वॉर्ड पोस्टिंगला जाताना : संसर्ग कसा टाळायचा

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये पहिली पोस्टिंग लागली की पोरं नवा स्टेथोस्कोप घेतात, अ‍ॅप्रनला इस्त्री करतात. हिपॅटायटिस बीची लस घेतली का, असं विचारलं की मात्र एकमेकांकडे पाहतात. म्हणून सुरुवात तिथून करा. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची रक्ततपासणी. टोचलेल्या सुईची भीती सगळ्यांना एचआयव्हीमुळे वाटते, पण तिथे धोका साधारण 0.3 टक्के असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर तो 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

वॉर्डात शिरताना कोपराखाली काही नको. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा दोरा काढा. बहीण कितीही लाडकी असो, राखीसुद्धा. नखं कापलेली हवीत.

आता हात. सॅनिटायझर तळव्यात भरपूर घ्या आणि 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. आपल्याकडच्या मे महिन्यात तो भुर्रकन उडतो. 20 सेकंदांच्या आतच हात कोरडे झाले तर कमी घेतला होता असं समजा आणि पुन्हा घ्या. हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल, किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच लागतं, 40 ते 60 सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

घरी एक प्रयोग करून पाहा. तेलात हळद कालवा, डोळे मिटून नेहमीसारखे हात चोळा आणि मग डोळे उघडा. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या बहुधा कोऱ्या दिसतील. नाडी पाहताना, कॅन्युला (शिरेतली सलाईनची नळी) लावताना रुग्णाला नेमकी तीच टोकं लागतात.

हात कधी स्वच्छ करायचे? रुग्णाला हात लावण्याआधी. कॅन्युला, ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) अशा कामाआधी. रक्त-लघवीशी संबंध आल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि फक्त त्याच्या पलंगाचा कठडा, सलाईनचा स्टँड किंवा फाइल हाताळली तरीही. हा शेवटचा प्रसंग सगळेच विसरतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण वारंवार भरती होतात. त्यांची प्लीहा नीट काम करत नसल्याने साधा संसर्गही त्यांना भारी पडतो. त्यांच्या पलंगाशी तर अजिबात घाई करू नका.

“मॅडम, ग्लोव्हज घालून तर राहिलो ना, मग हात कशाला धुवायचे?” हा प्रश्न मला दरवर्षी येतो. ग्लोव्हजला बारीक भोकं असू शकतात, आणि काढताना हात बरबटतात. एक रुग्ण, एक जोडी. काढल्यावर हात स्वच्छ. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलला की तोच मोबाइल रात्री जेवणाच्या ताटाशेजारी येतो.

क्षयरोग, गोवर, कांजिण्या असतील तर साधा मास्क पुरत नाही, एन-95 लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. दाढी असेल तर कडेने हवा जाते. अंगावरचं पूर्ण संरक्षक किट उतरवताना आधी ग्लोव्हज, मग गॉगल, मग गाऊन. एन-95 खोलीबाहेर आल्यावर, सर्वांत शेवटी. त्यानंतर हात.

सुईवर टोपण परत लावू नका. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची, मावशींसाठी ट्रेमध्ये सोडायची नाही. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. तो तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा. रक्ताचा कापूस-पट्ट्या पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्यात. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतली ही रंगवारी परीक्षेतही विचारतात, तेवढ्या लोभाने तरी पाठ होते.

आणि टोचलीच तर? जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सिस्टरांना किंवा ड्युटी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर देत नाहीत; कोर्स 28 दिवसांचा. मी शिकाऊ असताना ओरडा बसेल म्हणून अर्धा दिवस गप्प बसले होते. ओरडा पडलाच, शिवाय रात्रभर झोप नाही.

फरशीवर रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून वर शोषणारा कापड किंवा कागद टाका, 1 टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं जंतुनाशक द्रावण) ओता, निदान 10 मिनिटं थांबा, मग पुसा. बाटली 4 टक्क्यांची असेल तर एक भाग द्रावण आणि तीन भाग पाणी. उन्हात आणि उष्णतेत याचं बळ झपाट्याने कमी होतं, आणि आपल्याकडे पारा 45 पार जातो. म्हणून द्रावण रोज ताजं करा, झाकणाच्या अपारदर्शक डब्यात सावलीत ठेवा. आम्लाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

ड्युटी संपली की अ‍ॅप्रन तसाच घालून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहू नका. पिशवीत घालून घरी न्या, बाकी कपड्यांपासून वेगळा, गरम पाण्यात धुवा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत टाका.